कर्करोग संशोधनासाठी तीनशे किलोमीटर सायकल : पाय चालले, पण हात पसरताना अडखळलो

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी 'पॅन-मास चॅलेंज' या सायकल यात्रेत भाग घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टरब्रिज या गावातून पहाटे निघायचे, पहिल्या दिवशी सुमारे ११० मैल कापून बोर्नच्या सागरी अकादमीत मुक्कामाला पोहोचायचे, आणि दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या सुमारास कालव्यावरचा मोठा पूल ओलांडून केप कॉडच्या पार टोकाला, प्रॉव्हिन्सटाउनला, प्रवास संपवायचा, असा तिचा जुना मार्ग आहे. दोन्ही दिवस मिळून अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. वय पंचेचाळीस, नोकरी खुर्चीवरची, आणि शाळेनंतर सायकलशी संबंध सुटलेला, अशा माणसाने हे कसे केले हे लिहायला बसलो होतो. पण लिहिताना लक्षात आले की सायकल चालवणे हा यातला तुलनेने सोपा भाग होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. बिली स्टार या गृहस्थांच्या आईचे १९७४ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांनी १९८० मध्ये ३६ सायकलस्वार गोळा करून स्प्रिंगफील्ड ते प्रॉव्हिन्सटाउन अशी पहिली फेरी काढली आणि जमलेले १०,२०० डॉलर बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेला दिले. आता दरवर्षी सहा हजारांहून अधिक लोक सायकली चालवतात. २०२४ या एका वर्षात साडेसात कोटी डॉलर जमले आणि आजवरच्या एकूण देणगीने त्याच वर्षी एक अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. सायकलस्वाराने मिळवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेला जाते; व्यवस्थेचा खर्च नोंदणी शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागवला जातो. हे आकडे मुद्दाम सुरुवातीलाच देतो आहे, कारण आपला माणूस पावतीपुस्तक पाहिल्याखेरीज खिशात हात घालत नाही, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही.

नोंदणी करताना प्रत्येक स्वार किमान निधीचे वचन देतो. ही रक्कम मार्गानुसार बदलते. माझ्या मार्गासाठी ती पाच हजार डॉलरच्या पुढे होती. ठरलेल्या मुदतीत तेवढी जमली नाही, तर उरलेली तुमच्या स्वतःच्या कार्डावरून वळती होते. जानेवारीच्या थंडीत, शेजाऱ्याच्या आग्रहावरून, मी बटण दाबले तेव्हा या कलमाकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

मार्चमध्ये मी १४० जणांना पत्र लिहिले. पंधरा दिवसांत तीन देणग्या आल्या, आणि त्यांतली एक माझ्या बायकोची होती. ते पत्र आज पुन्हा वाचले की ओशाळायला होते. 'आपण व्यस्त असाल याची कल्पना आहे', 'शक्य असेल तरच', 'अजिबात बंधन नाही', 'फुल ना फुलाची पाकळी', अशा शब्दांनी ते इतके गच्च भरले होते की मला नेमके काय हवे आहे हे वाचणाऱ्याला चौथ्या परिच्छेदात कळत होते, आणि तिथेही मी रक्कम लिहिलेली नव्हती. आमच्या घरात उसने मागणे हे चोरीच्या खालोखाल लाजिरवाणे मानले जाई. वडील दुकानदाराकडेही वही ठेवत नसत. त्या घरातला मुलगा परक्या देशात कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडे पैसे मागतो आहे, हे मला स्वतःलाच पटवता येत नव्हते.

मिरजेच्या आत्याला ते पत्र चुकून गेले. तिने फोन केला आणि विचारले, "हे वर्गणीचे पत्र आहे की माफीचे?" मग म्हणाली, "आपल्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला यायचात तेव्हा कसे दणक्यात यायचात. एकशे एकची पावती आधीच फाडलेली असायची."

दुसरे पत्र मी अकरा ओळींचे लिहिले. मी कोणत्या तारखेला, कुठून कुठे, किती अंतर सायकल चालवणार आहे. आजपर्यंत सरावाचे किती मैल झाले. पैसा कुठे जातो. आणि 'आपण पन्नास डॉलर द्यावेत अशी विनंती आहे.' इतकेच. जूनअखेर माझा आकडा पूर्ण झाला. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांतले बरेच जण गप्प राहिले आणि ज्यांची नावे मी यादीत घालताना कचरलो होतो त्यांनी दिले. इमारतीत रात्री सफाई करणाऱ्या एका गृहस्थांनी वीस डॉलरची नोट घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि भावाचे नाव सांगितले.

यात्रेविषयी थोडक्यात. पहिले चाळीस मैल चढ-उताराचे आहेत आणि तिथे उत्साहाच्या भरात पायांतली शक्ती उधळली की दुपारी त्याची किंमत मोजावी लागते, मी मोजली. व्हिटिन्सव्हिल, फ्रँकलिन, मग जेवणाचा थांबा, मग लेकव्हिल अशी विश्रांतीची ठिकाणे येतात. रस्त्याच्या कडेला लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात, घंटा वाजवतात, लहान मुले पाण्याच्या पिचकाऱ्या मारतात. लेकव्हिलच्या अलीकडे रस्त्यालगत मुलांची मोठी छायाचित्रे लावलेली होती. ही मुले त्याच संस्थेच्या बालरुग्ण विभागात उपचार घेणारी असून सायकलस्वारांचे एकेक पथक एकेका मुलाशी जोडलेले असते. तोपर्यंत चेष्टामस्करी करत चाललेला आमचा घोळका तिथे आपोआप गप्प झाला. नंतर बराच वेळ फक्त साखळ्यांचा आवाज येत होता.

आपल्यापैकी कोणी अशा यात्रेत भाग घेतला असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर जरूर लिहावे. विशेषतः पैसे मागण्याविषयी.

तिखटमीठ

अभिनंदन. सायकल चालवल्याबद्दल मनापासून, बाकीच्याबद्दल थोडे हातचे राखून.

माझा प्रश्न साधा आहे. मला कर्करोग संशोधनाला पैसे द्यायचे असतील तर मी थेट देईन. तुम्ही सायकल चालवली म्हणून संशोधनाला एक पैसाही जास्त उपयोग होत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराला तुमच्या घामाशी काही कर्तव्य नाही. उलट हजारो सायकली, मोटारी, तंबू, जेवणावळी, पोलीस बंदोबस्त यांवर जो खर्च होतो तो, कोणाच्याही खिशातून होवो, शेवटी होतोच. प्रायोजकाने तोही पैसा थेट रुग्णालयाला दिला असता तर काय बिघडले असते? आणि दुसरे म्हणजे करोनाच्या वर्षी सायकली निघाल्याच नसतील. तेव्हा देणग्या बंद पडल्या का?

कोयनाकाठ

तिखटमीठ, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत उपलब्ध आहे. २०१९ मध्ये ६ कोटी ३० लाख डॉलर जमले होते. २०२० मध्ये नेहमीची सामूहिक यात्रा झाली नाही, लोकांनी आपापल्या परीने आपापल्या गावात जे जमेल ते केले, आणि ५ कोटी डॉलर जमले. तुम्ही म्हणाल की यात्रेविना ५ कोटी आले, म्हणजे यात्रा अनावश्यक. मी म्हणेन की चाळीस वर्षे यात्रा होत आली म्हणून एक वर्ष ती न होताही ५ कोटी आले, आणि तरीही सव्वा कोटीहून अधिक घट झालीच. हा आकडा दोघांनाही आपापल्या बाजूने वाचता येतो, हे मान्य.

'थेट देईन' याबद्दल मात्र एक विचारू का? गेल्या वर्षी दिलेत? मी तरी दिले नव्हते. पंधरा वर्षे मी त्या संस्थेपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतो आणि पंधरा वर्षांत एक डॉलरही दिला नव्हता. द्यायला विरोध नव्हता. कोणी मागितले नव्हते, एवढेच.

हरभऱ्याचे झाड

आत्याबाईंना आमचा साष्टांग नमस्कार कळवावा. तीनशे किलोमीटरचे सोडा, मला तुमच्या सीटविषयी जाणून घ्यायचे आहे. मी पुण्यात कात्रजचा घाट एकदा चढलो आणि पुढचे चार दिवस कार्यालयात उभ्याने काम केले.

कोयनाकाठ

झाडराव, यात हसण्यासारखे काही नाही. मीही एप्रिलमध्ये बैठकीच्या फोडांनी दहा दिवस घरी बसलो होतो. एका दुकानाने मला मऊ, रुंद, गुबगुबीत सीट विकली होती, आणि लांबच्या अंतराला नेमकी तीच घातक ठरते, कारण शरीर तिच्यात रुतते आणि भार हाडांऐवजी मऊ भागावर येऊन घासत राहतो. बैठकीच्या दोन हाडांतले अंतर मोजून तेवढ्या रुंदीची, थोडी कडक सीट घ्यावी. उंची अशी ठेवावी की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात किंचित बाक उरेल. गादी शिवलेली सायकलची चड्डी घालावी आणि तिच्या आत काहीही घालू नये. मला हे सांगायला दुकानातल्या मुलाला तीन प्रयत्न करावे लागले होते, कारण मी ऐकून न ऐकल्यासारखे करत होतो.

सराव चार महिन्यांचा केला. आठवड्यात दोन दिवस तासभर आणि शनिवारी लांब फेरी, दर आठवड्याला थोडी वाढवत. खरा फरक पडला तो जुलैत लागोपाठ शनिवारी आणि रविवारी चालवल्याने. एका दिवसात शंभर मैल होणे वेगळे आणि त्या शंभर मैलांनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता पुन्हा त्याच सीटवर बसणे वेगळे.

अनाहत

मी बालरक्तरोग या विषयात काम करते. हा धागा वाचून 'फार्बर' या नावापाशी थांबले, कारण त्यामागची गोष्ट इथल्या वाचकांना माहीत असावी असे वाटते.

सिडनी फार्बर हे बॉस्टनच्या बालरुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ होते. त्या काळी लहान मुलांचा तीव्र रक्ताचा कर्करोग म्हणजे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा प्रश्न असे. उपचार असा नव्हताच. फॉलिक आम्लामुळे या पेशी वाढतात, तर त्या आम्लाची नक्कल करणारा, पण त्याच्या कामात अडथळा आणणारा पदार्थ दिला तर काय होईल, हा विचार त्यांनी केला. असा पदार्थ त्यांना मिळाला तो लेडर्ली या औषध कंपनीच्या संशोधन विभागाकडून, आणि त्या विभागाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांमध्ये रोग काही काळासाठी हटला होता. काही काळासाठीच, तो परत आला. पण तो हटू शकतो हे पहिल्यांदा दिसले. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट मी आज माझ्या रुग्णांना देते, आणि जिथे सर्व सोयी आहेत तिथे या आजाराच्या प्रमुख प्रकारातली दहापैकी नऊच्या आसपास मुले वाचतात.

सुब्बाराव १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनला शिकायला आले ते काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीच्या आणि सासऱ्यांनी जमवलेल्या पैशाच्या आधारावर. इथे आल्यावर खर्च भागेना, म्हणून त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीला हमालाचे काम केले, रुग्णांची भांडी रिकामी केली. १९४८ च्याच ऑगस्टमध्ये ते गेले. कोयनाकाठ यांना हात पसरण्याची लाज वाटली असे त्यांनी लिहिले आहे. या सगळ्या कहाणीत कोणी हात पसरला नाही अशी एकही पायरी मला सापडत नाही. फार्बर यांचेच पाहा. त्याच वर्षी मे महिन्यात रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात 'जिमी' या टोपणनावाच्या बारा वर्षांच्या एका रुग्णाच्या खाटेपाशी बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे बेसबॉल खेळाडू आले, आणि त्याला सामने पाहायला दूरचित्रवाणी संच हवा आहे, तर पैसे पाठवा, असे श्रोत्यांना सांगण्यात आले. दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. त्यातून जो जिमी फंड उभा राहिला त्याच्याच वार्षिक उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग आज या सायकल यात्रेतून येतो. तो मुलगा वाचला, मेन राज्यात परतला, मोठा होऊन मालमोटार चालवत असे. पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, तोच जिमी असल्याचे जगाला कळले. त्याचे खरे नाव आयनर गुस्टाफसन.

तिखटमीठ यांच्या 'श्रीमंत संस्थेला आणखी कशाला' या न विचारलेल्या प्रश्नाचेही उत्तर देते. सरकारी अनुदान मागताना आधीच काही प्राथमिक निष्कर्ष हातात असावे लागतात. ते मिळवायला लागणारा पैसा कुठून येणार? तो अशा, कोणत्याही एका प्रकल्पाशी न बांधलेल्या, देणगीतून येतो. नव्या संशोधकाची पहिली दोन वर्षे त्यावर निघतात.

तिखटमीठ

अनाहत, हे खरोखरच माहीत नव्हते, आभार. तो प्रश्न मी विचारणारच होतो, तुम्ही आधीच निकालात काढलात. सायकलीविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे. खेळाडू जिमीच्या खाटेपाशी गेले, तीनशे किलोमीटर धावत गेले नाहीत.

उंबरठा

मी इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे जूनमध्ये लंडन ते ब्रायटन सायकल फेरी असते, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसाठी. अंतर ५४ मैल, एकाच दिवसाचे. क्लॅपहॅम कॉमनवरून निघायचे आणि समुद्राकाठी मडेरा ड्राइव्हवर पोहोचायचे. ब्रायटन अगदी जवळ आलेले असताना डिचलिंग बीकन नावाचा चढ येतो, आणि तिथे निम्मे लोक उतरून सायकल हातात धरून चालतात, मीही चालले. त्यात कमीपणा नाही. वर पोहोचल्यावर एकदम समुद्र दिसतो, आणि आपल्याकडे घाट उतरताना कोकण दिसते तसे होते, एवढेच लिहिते.

मागण्याच्या बाबतीत इथे एक सोय आहे. देणारा करदाता असेल आणि त्याने एका खुणेने संमती दिली, तर प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स स्वतःहून घालते. माझे यजमान हिशेबनीस आहेत. त्यांनी आमच्या सगळ्या मित्रमंडळाला पैसे मागितलेच नाहीत, फक्त ती खूण करायचे विसरू नका एवढेच बजावून सांगितले. लोकांनी दिले. पैसे मागणे अवघड जाते, पण सरकारकडून काही सुटते आहे असे दाखवले की माणूस जागा होतो.

कोयनाकाठ

उंबरठा, हे फारच उपयोगी आहे. अमेरिकेत त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. माझ्या दुसऱ्या पत्रात ही ओळ नव्हती, ती असायला हवी होती. दोन मित्रांची ती भर केवळ अर्ज न केल्याने हुकली.

परळकर

मी दर रविवारी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जातो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तिथे येतात; उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि राहायला जागा नसते. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर आपल्या माणसाची सलाइनची सुई सांभाळत बसलेली कुटुंबे मुंबईकराने पाहिलेली नाहीत असे होणार नाही. धर्मशाळेत त्यांच्यापैकी काहींची सोय होते. तिथे मला संशोधनापेक्षा चादरी, धान्य आणि बंद पडलेला पंखा यांचे प्रश्न अधिक दिसतात, म्हणून हा धागा वाचताना मन थोडे दुभंगले. एक अब्ज डॉलर हा आकडा मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

तिखटमीठ यांच्या सायकलीच्या आक्षेपावर मात्र मला एक सुचले. गाडगेबाबा गावात येत तेव्हा आधी कीर्तन करत नसत. दिवसभर खराट्याने गाव झाडत. मग संध्याकाळी त्याच गावासमोर उभे राहत. धर्मशाळा, गोशाळा, वसतिगृहे यांसाठी लोकांनी त्यांना लाखो रुपये दिले आणि त्यांनी स्वतःसाठी त्यातले काही ठेवले नाही. दिवसभर ज्याला झाडताना पाहिले त्याला रात्री नाही म्हणणे लोकांना जड जात असणार. या सायकली म्हणजे तो खराटा असावा, असे मला वाटते.

तिखटमीठ

परळकर, उपमा सुंदर आहे आणि म्हणूनच तपासून पाहिली पाहिजे. खराट्याने गाव स्वच्छ होत होते. बाबांना एक पैसा मिळाला नसता तरी गावाचा त्या दिवशी फायदाच झाला असता. सायकलने काय होते?

कोयनाकाठ

तिखटमीठ, याला माझ्याकडे उत्तर नाही. सायकलने काहीच होत नाही, टायर झिजतात. दोन दिवस मीही हाच विचार करतो आहे.

एवढेच सांगू शकतो की ती नसती तर मी मागितले नसते. दुसऱ्या पत्रात 'पन्नास डॉलर द्यावेत' हे शब्द मला लिहिता आले, कारण त्याआधीच्या ओळीत 'आजवर ६४० मैल झाले' असे होते. देणाऱ्याला त्या मैलांची गरज नसेलही, पण मला होती. बाबांच्या अंगी जे होते ते माझ्या अंगी नाही, म्हणून मला हा टेकू लागला असे समजा.

परळकर, तुमच्या दुभंगलेल्या मनाबद्दल मी काही बोलणे बरोबर नाही. चादरींसाठी काय लागते ते कृपया वेगळे लिहा.

मोगरीण

मी कनेक्टिकटमध्ये राहते. तीन वर्षांपूर्वी माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या काखेतल्या गाठी काढल्या. हा धागा गेले काही दिवस गुपचूप वाचते आहे. एका दिवसाचा मार्ग घ्यावा असे मनात आहे. दोन शंका आहेत.

पहिली शंका अनाहत यांना : डावा हात अधूनमधून सुजतो. तासन्‌तास हँडलवर भार टाकून चालेल का?

दुसरी शंका कोयनाकाठ यांना, आणि ती जरा नाजूक आहे. पत्रात मी माझ्या आजाराविषयी लिहिले नाही तर चालेल का? लिहिले तर पैसे भराभर येतील हे मला ठाऊक आहे. पण आजारपणाच्या वर्षी सगळ्यांनी मला 'लढवय्यी' म्हणून म्हणून इतके दमवले, की त्या भांडवलावर मला पुन्हा काही मागायचे नाही. मी लढले वगैरे नाही. सांगितलेल्या तारखांना गेले, सुई टोचून घेतली, घरी येऊन झोपले.

अनाहत

मोगरीणताई, व्यायामाने असा हात बिघडतोच असे नाही. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम बहुतेकांना सोसतो. परंतु आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि सूज पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टना आधी विचारावे, आणि दाब देणारी बाही सायकलवर घालावी की नाही हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. हँडल थोडे उंच घेतले की हातावरचा भार कमी होतो. पकड दर काही मिनिटांनी बदलावी. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा घड्याळ घट्ट झाले, तर थांबावे. लालसरपणा, ऊब, ताप यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

इतरांसाठीही एक सांगते. उन्हात नुसते पाणी पीत राहणे हा सर्रास आढळणारा आणि क्वचित गंभीर ठरणारा घोटाळा आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम उतरते. लिंबू, मीठ, साखर घातलेले आपले सरबत उत्तम. तहान लागेल तसे प्यावे, शर्यत लावल्यासारखे नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एवढ्या अंतराच्या भानगडीत पडू नये.

कोयनाकाठ

मोगरीणताई, नक्की चालेल. रुग्ण असलेल्या आणि रोगातून बाहेर आलेल्या सायकलस्वारांचा तिथे 'लिव्हिंग प्रूफ' नावाचा एक गट मानला जातो, त्यांचे कौतुकही होते. परंतु त्यात नाव घालायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. माझ्याशेजारी वीस मैल चालवणाऱ्या एका बाईंनी शेवटपर्यंत काही सांगितले नाही. आम्ही टोमॅटोच्या रोपांविषयी बोललो.

पत्रात चारच गोष्टी असू द्या : तारीख, अंतर, पैसा कुठे जातो, आणि किती हवा आहे. शेवटची गाळू नका.

हरभऱ्याचे झाड

मोगरीणताई, पत्र पाठवाल तेव्हा मलाही पाठवा. पन्नास मागा, माझ्याकडून पंचवीस येतील. पण पन्नास मागा.

तिखटमीठ

परळकर, चादरींची यादी अजून आलेली नाही. देणगीची कर सवलतीची पावती मिळणार असेल तर रोख न देता धनादेश देतो, कारण दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. आणि कोयनाकाठ यांना कळवावे की मी सायकल चालवलेली नाही.

परळकर

यादी आणि पावतीचा तपशील व्यक्तिगत निरोपातून पाठवला आहे. एक पंखा तातडीचा आहे.

मोगरीण

थोडे उशिरा लिहिते आहे. फिजिओने परवानगी दिली, हँडल दोन बोटे वर घेतले, आणि परवा नदीकाठच्या रस्त्याने पहिले वीस मैल झाले. हात ठीक आहे. सीटचे अजून जमलेले नाही.

पत्र काल रात्री ६२ जणांना गेले. साठ डॉलर मागितले. पन्नास लिहिले होते, पाठवताना वाढवले. आजाराचा उल्लेख नाही. सकाळी एका जुन्या मैत्रिणीचे उत्तर आले : पैसे पाठवले आहेत, पण तू हे नेमके कोणासाठी करते आहेस ते लिहिले नाहीस. तिला सगळे माहीत आहे. त्या वर्षी डबा तीच आणत असे. मी तिला उलट लिहिले, शनिवारी बरोबर येतेस का, माझ्याकडे जास्तीची एक सायकल आहे.